मास्तरांची हजेरी

प्रिय तेयो,

पत्राच्या सुरुवातीला माणूस खुशाली विचारतो. मी विचारत नाही, कारण तेवढी एकच गोष्ट सान रोके गावातले सगळे मला विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. इकडचं म्हणशील तर स्वयंपाकघराचं छप्पर पुन्हा गळतंय, काळी डुकरीण व्याली, आणि गावातली वाजवणारी-गाणारी माणसं यंदा एकामागून एक अशी गेली, की कोण आहे आणि कोण नाही याचा आमचा सगळ्यांचा गोंधळ उडालाय. परवा मृतांच्या सणाला जे घडलं ते तुला सांगायचंय. पण ते एकदम सांगितलं तर तुला काही उमगायचं नाही. तू म्हणायचास, आदेल्फा मिठाला निघाली की सगळ्या गावाला वळसा घालून मीठ आणते. तसंच होणार आहे, तेव्हा बस.

आधी गेले नोंग सिद्रो, अख्ख्या गावाचे दादा, फेब्रुवारीत. विहिरीवर पाणी काढता काढता जरा टेकले ते उठलेच नाहीत. उभा जन्म त्या माणसानं गावातल्या प्रत्येक प्रेतयात्रेला बँडचा मोठा ढोल वाजवला. बँडच्या मास्तरांचे नियम तुला पाठ आहेत. वाजवणारा मेला की त्याच्या प्रेतयात्रेत त्याचा भाग कुणी वाजवायचा नाही, मृतांच्या सणाला दफनभूमीत त्याचं नाव पुकारून हजेरी होईपर्यंत ती जागा मोकळी ठेवायची. आजवर क्लॅरिनेटवाले गेले, कॉर्नेटवाले गेले. जागा मोकळी राहिली तरी पाय अडत नव्हते. ढोलाची जागा मोकळी सोडायची म्हणजे काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चर्चपासून निघालो आणि पहिल्याच वळणावर सगळ्यांची पावलं चुकायला लागली. शवपेटी धरलेले सगळे आपापल्या चालीनं चालायला लागले, पेटी डावी-उजवीकडे डुलायला लागली. मागून रडत येणारी त्यांची बायको सालूद एकदम रडायची थांबली आणि म्हणाली, "पिऊन घरी यायचे तेव्हा अस्सेच यायचे." अख्खी प्रेतयात्रा हसली, पाद्रीसुद्धा. मीही हसले, आणि मग मला वाटलं की हे तुला सांगायला हवं, आणि मग आठवलं की सांगायला तू कुठं आहेस हेच माहीत नाही.

मे महिन्यात तियो इन्सो गेले, आपले गाणारे काका. त्यांना तू हसायचास, पण ऐकायला पुढं तूच बसायचास. गिटारीला चारच तारा, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं, आणि तरी या गावातून त्या गावात फिरून कथागीतं म्हणायचे. कुणाचा खून झाला, कुणाची होडी बुडाली, कुणाची पोरगी कंडक्टरबरोबर पळाली, सगळं गाण्यात. तुला कुणी सांगितलं नसेल, तुझंही एक गाणं त्यांनी बांधायला घेतलं होतं. तुझ्या बोटीवर चढण्यापर्यंतचं कडवं झालं होतं. छान होतं. त्यात मी बंदरावर रुमाल हलवते. मी काही रुमाल हलवला नव्हता, मी तुझ्या डब्यात उकडलेली अंडी घालायला विसरले म्हणून स्वतःला शिव्या देत होते. पण ते असो. पुढं ते अडले. दर जत्रेला मला गाठायचे आणि म्हणायचे, "इंदाय पोरी, शेवट सांग ना, मग गातो." मी म्हणायचे, तुम्हीच काहीतरी लावून टाका. त्यावर ते चिडायचे. म्हणायचे, मी खोटी गाणी गात नाही. गेल्या खेपेला भेटले तेव्हा त्यांनी शेवट विचारला नाही, माझा हात नुसता धरून ठेवला. त्यांच्या माघारी त्यांचंच कथागीत बांधायला कुणी उरलेलं नाही. तुझं अर्धं गाणं तर त्यांच्याबरोबरच गेलं.

मग पाऊस लागता लागता नांग पुरिंग. चर्चमधल्या ऑर्गनवाल्या, ज्यांच्यामुळे आपल्या लग्नात मला वेदीपर्यंत धावत जावं लागलं, इतक्या जलद त्यांनी वाजवलं होतं, घरी मासे शिजायला ठेवले होते म्हणे. आणि ऑगस्टमध्ये बोयेत. हो, आपला बोयेत, केस खांद्यापर्यंत आणि कानाला भोक, इलेक्ट्रिक गिटार घेऊन लग्नाच्या मांडवात असा काही गोंगाट करायचा की कोंबड्या अंडी देईनाशा व्हायच्या. त्याची मूत्रपिंडं गेली होती. शेवटी शेवटी आठवड्यातून दोनदा इलोइलोला जायचा रक्त शुद्ध करून घ्यायला, आणि बसमध्ये मांडीवर बोटं नाचवत बसायचा. त्या दोघांचं भांडण तुला आठवत असेल. चर्चमागच्या शेडमध्ये याची तालीम सुरू झाली की नांग पुरिंग ऑर्गनचे सगळे खटके ओढायच्या आणि याला बुडवून टाकायच्या. हा आवाज वाढवायचा, त्या पायानं आणखी दाबायच्या. आम्हाला वाटायचं, एक दिवस चर्चची काचच फुटणार. पण नांग पुरिंगच्या दफनाला सगळ्यात जास्त कोण रडला असेल तर बोयेत. मला थोरली बहीण समजून म्हणाला, "मानांग, आता मी कुणाविरुद्ध वाजवू?" दोनच महिन्यांत तोही त्यांच्या शेजारी. खरंच शेजारी, जागाच तेवढी उरली होती.

आता मास्तरांचं सांगते. फ्लोरेंतिनो मास्तर थकलेत. छडी अजून हातात आहे, पांढरा सदरा अजून कडक इस्त्रीचा, चाली तर एकूणएक पाठ. पण माणसं मात्र त्यांच्या डोक्यात सरमिसळ झालीत. जुलैत तालमीला उभे राहिले, सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "सिद्रो का नाही आला? सांगून गेलाय का?" सगळे आपापली वाद्यं पुसायला लागले. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "मग चिठ्ठी पाठव."

चिठ्ठी म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण मला लिहायला बरं वाटतंय म्हणून लिहिते. न सांगता तालमीला दांडी मारणाऱ्याच्या घरी बँडकडून चिठ्ठी जायचीच. मजकूर मास्तरांनी तरुणपणी ठरवलेला, त्यात काना-मात्रेचा बदल चालत नाही. आणि बँडची नोटेशनं उतरवून काढणारी म्हणून ती लिहायचं आणि पोचवायचं काम पहिल्यापासून माझं. तुझ्या घरी मी किती चिठ्ठ्या आणल्या! तुझी आई मला बसवून घ्यायची, चॉकलेट घोटून द्यायची, आणि तू मागच्या दारी बॉम्बार्दिनो पुसत बसलेला, आजारी नाही, कामात नाही, नुसता बसलेला. पुढं कधीतरी तूच कबूल केलंस की चिठ्ठी घेऊन मी येते म्हणून दांडी मारत होतास. त्या जाड पोटाच्या पितळी वाद्यासकट तू मला आवडलास यात माझा दोष नाही. तुझ्या आईच्या चॉकलेटचा आहे.

तर सिद्रोंची चिठ्ठी मी लिहिली. मेलेल्या माणसाला गैरहजेरीची चिठ्ठी! रस्ताभर मला कळेना की सालूदच्या हातात ही कशी ठेवायची. तिनं वाचली, झग्याला हात पुसून पुन्हा वाचली, हसली, रडली, आणि मग ती चिठ्ठी येशूच्या तसबिरीखाली टाचणीनं लावून टाकली. म्हणाली, "बरं झालं. कुणाला तरी अजून वाटतंय की ते येतील." मी घरी आले आणि मला तिचा हेवा वाटला. खरं सांगते, हेवा. तिला निदान माहीत आहे की ते येणार नाहीत.

मला काय माहीत आहे? तू जहाजावर ट्रॉम्बोन वाजवत होतास तोवर फोन यायचे. करार संपला, तू बुसानहून फोन केलास, म्हणालास तिथल्या एका रेस्तराँमध्ये आपल्याकडच्या कुणाच्या ओळखीनं काम मिळतंय, चार-सहा महिने राहतो आणि येतो. त्यानंतर फोन बंद. भरतीवाल्यांच्या ऑफिसात गेले तर म्हणाले, माणूस सही करून जहाजावरून उतरला, पुढची जबाबदारी आमची नाही. सहा वर्षं झाली त्याला. तिकडून येणारा प्रत्येक जण तुला कुठं ना कुठं बघून आलेला असतो. एकानं तुला बुसानला पाहिलं, केस पिकलेले. एकानं मकावच्या हॉटेलात, केस काळेभोर. तिसऱ्यानं ऐकलंय की तू तापानं गेलास, पण कुणाकडून ऐकलं ते त्याला आठवत नाही. गेल्या वर्षी बोयेतच्या फोनवर कुठल्याशा लग्नातला व्हिडिओ आला. मागं ऑर्केस्ट्रा, आणि ऑर्केस्ट्राच्या टोकाला कुणाचं तरी नुसतं कोपर. तुझी थोरली बहीण, सेरिंग मानांग, म्हणाल्या, हे आमच्या तेयोचंच कोपर. ते कोपर मी इतक्यांदा पाहिलंय की आता मला माझंसुद्धा कोपर ओळखू येत नाही. मला तुझा राग येतो, तेयो. पण तू मेला असशील तर राग धरणं पाप, आणि जिवंत असशील तर तुझ्यासाठी रडणं मूर्खपणा. सकाळी उठल्यावर मला ठरवताच येत नाही की आज यातलं काय करायचं.

आणि ऑक्टोबरात हे ठरवायची वेळच आली. सेरिंग मानांग सकाळी सकाळी येऊन बसल्या. त्यांच्या स्वप्नात तू आलास, दारात उभा, केसांतून पाणी गळतंय, भात मागतोयस. आपल्याकडे मेलेले ओलेते येतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं, जसं काही मी दुसऱ्या गावची. मी म्हटलं, मानांग, त्यानं आयुष्यात कधी डोकं नीट पुसलेलं तुम्ही पाहिलंय का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तू त्याला असा मधेच लटकवून ठेवू नकोस. यंदा एवढी माणसं हजेरीला आहेत, त्यांच्याबरोबर त्याचंही नाव घेऊ दे. म्हणजे त्याच्या नावानं चर्चमध्ये मिस्सा सांगता येईल, प्रार्थना त्याला पोचतील. जिवंत असला तर प्रार्थनेनं काही बिघडत नाही. पण मेला असला आणि कुणी बोलावलंच नाही तर? हे शेवटचं त्या अगदी हळू बोलल्या.

बँडवाल्यांची अडचण वेगळीच. तुझा बॉम्बार्दिनो बँडचा आहे. तुझे फोन थांबल्यापासून प्रत्येक कार्यक्रमाला ते तुझी खुर्ची मांडतात आणि मी घरून वाद्य आणून तिच्यावर ठेवते. तुझा भाग कुणी वाजवत नाही. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण पहिल्या वर्षी कुणी हात लावला नाही, मग पुढं लावायची छाती होईना. आता आरोग्य केंद्रात मर्लिन नावाची नवी नर्स आलीय. तिचा बाप त्यांच्या गावात बॉम्बार्दिनो वाजवायचा, तीही वाजवते, आणि आपल्याकडे तिला झांजा दिल्यात. पोरगी झांजा अशा वाजवते की जणू कुणाच्या कानाखाली मारतेय. सगळ्यांचं म्हणणं, हजेरी होऊन जाऊ दे, खुर्ची निघेल, वाद्य मर्लिनला मिळेल. तोंडावर कुणी बोललं नाही, पण माझ्या घरासमोरून जाताना सगळे हल्ली सावकाश चालायला लागले.

मी मास्तरांकडे गेले. सांगितलं, तेयोचं नाव यंदा घेऊ नका. त्यांनी विचारलं, "का, तो कुठं गेलाय?" मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाले, "मग त्यालाच विचार." मला हसू आलं, आणि दारातून बाहेर पडल्यावर रडू आलं, आणि भाजीवाली समोर आली तेव्हा दोन्ही एकदम चालू होतं. मास्तरांच्या मुलीनं मात्र मला शब्द दिला की चारच नावं घेतली जातील, ती त्यांच्याकडून पाठ करून घेईल.

परवा संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही सगळे चर्चमागच्या दफनभूमीत जमलो. थडग्यांवर मेणबत्त्या, नारळाच्या पानात उकडलेला चिकट भात, साखर, कॉफीचे कप. बँडवाल्यांत थोडी कुरकुर आधीच झाली होती, की नांग पुरिंग कधी बँडमध्ये नव्हत्या, इन्सो दारोदार गाणारे, आणि बोयेतचं वाजवणं हे वाजवणंच नव्हतं, यांची नावं आपल्या हजेरीत कशाला. मास्तरांनी ते उडवून लावलं. म्हणाले, "सूर लावला ना त्यांनी? मग माझ्या हजेरीत." ते मधोमध उभे राहिले, आणि त्यांचा आवाज, तेयो, अजून तसाच. आधी त्यांनी हाक मारली, "इसिद्रो!" सालूदनं दोन्ही हातांनी दांडका उचलून ढोलावर एकदाच मारला. मास्तर म्हणाले, "हजर." आणि सिद्रोंची खुर्ची उचलली गेली. मग इन्सो. त्यांच्या लेकीनं चार तारांवरून अंगठा फिरवला, एक तार बेसूरच होती, त्यांची असायचीच. हजर. मग "पुरिफिकासियोन!" ऑर्गन काही दफनभूमीत आणता येत नाही, म्हणून चर्चच्या सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. त्यांच्या पुतण्यानं आत एक सूर धरला, आणि तो भिंतीतून आल्यासारखा आला. हजर. मग बोयेत. त्याच्या बायकोनं लांबलचक वायरीनं चर्चमधूनच वीज घेतली होती. तिनं तार छेडली, कर्कश आवाज आला आणि चर्चमधले दिवे गेले. पुतण्यानं ऑर्गनचा सूर तेव्हा अजून सोडला नव्हता, भाता विजेवरचा, तोही त्याबरोबर बंद पडला. शेवटी बोयेतच जिंकला, असं मागून कुणीतरी म्हणालं. मास्तर म्हणाले, हजर.

चार नावं झाली होती. मास्तरांची मुलगी पुढं होऊन त्यांचा हात धरायला गेली. त्यांनी हात सोडवून घेतला, खुर्च्यांवरून नजर फिरवली, तुझ्या खुर्चीपाशी ती थांबली, आणि त्यांनी तुझ्या पूर्ण नावानं हाक मारली, "एलेउतेरियो!"

ते चुकून म्हणाले, की मुद्दाम, की त्यांना तू मेलास असं खरंच वाटलं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आत्ताही कळत नाही. मला एवढंच कळलं की सगळं गाव माझ्याकडे बघतंय. घरचं माणूस उत्तर देतं, मुलं असली तर मुलं. आपल्याला मुलं नाहीत, म्हणजे मीच. वाद्य समोर खुर्चीवर होतं. मी ते उचललं. तोंडाला लावलं. एक सूर काढायचा की झालं, सेरिंग मानांग मोकळ्या होतील, मर्लिन मोकळी होईल, मीसुद्धा मोकळी होईन, काळी वस्त्रं वर्षभर घालीन आणि वर्षानं उतरवीन. पितळ थंडगार लागत होतं आणि आत तुझाच वास होता, किंवा मेणाचा असेल. मी श्वास घेतला. आणि माझ्या ध्यानात आलं की ज्यांची ज्यांची नावं घेतली ते सगळे आत्ता इथं आहेत. ढोलात सिद्रो होते, त्या बेसूर तारेत इन्सो होते, गेलेल्या दिव्यांत बोयेत होता. तू नव्हतास. मी फुंकलं असतं तरी नसतास. मी वाद्य खाली घेतलं आणि म्हटलं, "मास्तर, तो आलेला नाही."

सेरिंग मानांगनी तोंडावर हात घेतला. मास्तरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, अगदी त्यांच्या जुन्या नजरेनं, आणि विचारलं, "सांगून गेलाय का?" मी म्हटलं, नाही. "मग त्याचा भाग कोण ओढतंय?" मी म्हटलं, कुणीच नाही, मास्तर, इतकी वर्षं मोकळाच सोडलाय. तेव्हा ते असे चिडले की विचारू नकोस. छडी खुर्चीवर आपटली. "मोकळी जागा मेलेल्याची! गैरहजर माणसाचा भाग शेजाऱ्यानं ओढायचा, हे कितीदा शिकवायचं तुम्हाला?" आणि तेयो, सगळा बँड माना खाली घालून उभा राहिला, कारण हे आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझं मन राखायचं म्हणून, माझं मन राखायचं म्हणून, आम्ही सहा वर्षं तुझं सुतक धरून बसलो होतो आणि आमच्या लक्षातही आलं नव्हतं. ज्याला माणसं नीट आठवत नाहीत त्या म्हाताऱ्यानं ते सांगावं लागलं. मी वाद्य मर्लिनच्या हातात दिलं. तिनं झांजा माझ्या हातात दिल्या. मग आम्ही शेवटची चाल वाजवली आणि तुझा भाग त्यात होता. खालच्या पट्टीत तो नसल्यामुळे काय नव्हतं हे मी विसरूनच गेले होते. ती तुझ्यापेक्षा बरी वाजवते. रागावू नकोस, पण वाजवते. मी मात्र झांजा दोनदा चुकवल्या.

तुझी खुर्ची आहे तिथंच आहे, मर्लिन तिच्या शेजारी बसून वाजवते. वाद्यावर पहिला हक्क तुझाच आहे हे तिला सांगितलंय. यानं माझा गोंधळ संपलाय असं समजू नकोस. सेरिंग मानांग माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचंही चुकतंय असं मला म्हणता येत नाही. तू जिवंत आहेस अशी माझी खात्री झालीय असंही नाही. पण त्या संध्याकाळी चाल संपल्यावर मास्तर छडी काखेत धरून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "इंदाय, त्याला चिठ्ठी पाठव." म्हणून हे सगळं लिहिलं, तेयो. बाकीचं सगळं मिठाचा वळसा. हे पत्र मी नोटेशनं उतरवते तसं तीनदा उतरवून काढणार आहे, एक बुसानच्या रेस्तराँला, एक मकावच्या हॉटेलला, आणि एक भरतीच्या ऑफिसला, जबाबदारी त्यांची असो वा नसो. तिन्ही परत आली तर मी ती येशूच्या तसबिरीखाली लावणार नाही, पुन्हा पाठवीन. मजकूर तुला पाठ आहे, तरी नियमाप्रमाणे लिहायला हवा. आपली हजेरी घेतली, आपण नव्हता. आपला भाग शेजाऱ्यानं ओढला. आपली खुर्ची मांडलेली आहे. पुढच्या तालमीला यावे.

बँडच्या वतीनं, आणि त्याच्या आधीपासून तुझीच,
आदेल्फा